तात्पर्य ठरवताना

चि. पुतण्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

शालेय पुस्तकात गोष्टीखाली एका ओळीत दिलेला बोध म्हणजे तात्पर्य, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आज रूढ असला, तरी संस्कृत ग्रंथांच्या अभ्यासास लागलेल्या चिरंजीवाने तो मीमांसाशास्त्रातून समजून घेणे हिताचे आहे. वाक्याचा अर्थ त्यातील पदांवरून कळतो. तात्पर्य म्हणजे संपूर्ण ग्रंथाचा रोख, आणि तो एखाद्या आवडत्या श्लोकावरून ठरवता येत नाही. त्यासाठी सहा लिंगे, म्हणजे खुणा, सांगितल्या आहेत: ग्रंथाचा आरंभ व शेवट, म्हणजे उपक्रम आणि उपसंहार, ही मिळून एक, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणे हा अभ्यास, अन्य प्रमाणाने न कळणारे सांगणे ही अपूर्वता, उपदेशाचा परिणाम ते फल, स्तुतीसाठी वा निंदेसाठी आलेला मजकूर तो अर्थवाद, आणि युक्तिवादाने केलेले समर्थन ती उपपत्ती.

मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व 1915 साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त लोकमान्य टिळकांनी याच कसोट्या गीतेला लावल्या. लढण्यास नकार देणारा अर्जुन हा उपक्रम आणि सांगितल्याप्रमाणे वागण्यास तयार झालेला अर्जुन हा उपसंहार धरून, मध्यंतरी युद्धाची आज्ञा वारंवार येते हे दाखवून, त्यांनी गीतेचे तात्पर्य कर्मयोग ठरवले. शंकराचार्यांनी मात्र दुसऱ्या अध्यायाच्या 9 व्या श्लोकापर्यंतचा भाग शोक आणि मोह कसे उपजतात हे दाखवणारा म्हणून थोडक्यात आटोपला, उपदेशाचा आरंभ 11 व्या श्लोकापासून धरला आणि अठराव्या अध्यायातील 66 व्या श्लोकापाशी गीताशास्त्राच्या अर्थाचा समारोप करून सर्वकर्मसंन्यासपूर्वक ज्ञान हेच मोक्षाचे साधन ठरवले.

ग्रंथ एकच असताना आरंभ व शेवट कोठे धरावा यावरच निर्णय पालटतो, यावरून सहा लिंगे ही भाष्यकाराच्या विवेकावाचून चालणारी साधने नव्हेत हे उघड होते. म्हणून चिरंजीवाने कोणतेही भाष्य हाती घेताच त्यात उपक्रम व उपसंहार कोठे मानले आहेत ते आधी टिपावे, स्तुतिपर वाक्यास सिद्धांत समजू नये, आणि स्वतःचे मत मांडताना त्याविरुद्ध जाणारी वचनेही वाचकापुढे ठेवून त्यांची संगती लावावी. एवढे झाल्यावाचून कोणत्याही ग्रंथाविषयी 'तात्पर्य असे की' हे शब्द त्याने लिहू नयेत.

इति आशीर्वाद.