फसवे धनुष्य

शास्त्रभाग : होशेय ७:१३-१६, ११:८, स्तोत्रसंहिता ७८:९, ५६-५७, जखऱ्या ९:१३

होशेय संदेष्ट्याने एफ्राईमाला दिलेल्या उपमा वाचकांच्या परिचयाच्या आहेत. न उलथलेली भाकर, भोळे कबूतर, पहाटेचे दंव. त्यांच्याच रांगेत सातव्या अध्यायाच्या शेवटी आणखी एक उपमा येते, ती फसव्या धनुष्याची. आसाफाच्या ७८ व्या स्तोत्रातही तीच आहे. उपदेशांतून भाकरीवर आणि दंवावर पुष्कळ बोलले जाते, धनुष्यावर क्वचितच. याचे कारण उघड आहे. भाकर आपण रोज पाहतो, धनुष्य मात्र आपल्या हातून गेले. म्हणून प्रथम धनुष्य कसे घडते व ते फसवे कसे होते, हे पाहू आणि मग वचनाकडे वळू.

मूळ इब्री शब्द ‘रेमीया’ असा आहे. त्याचे दोन अर्थ संभवतात : कपट आणि ढिलेपणा. नीतिसूत्रे १०:४ मध्ये आळशाच्या सैल हाताला हाच शब्द लावला आहे. त्यामुळे काही अभ्यासक येथे ढिल्या पडलेल्या धनुष्याचा अर्थ घेतात. परंतु स्तोत्रात त्याच्या जोडीला येणारे क्रियापद ‘हाफाख्’ म्हणजे उलटणे, फिरणे हे आहे. ढिले धनुष्य फिरत नाही, ते केवळ बाण जवळ टाकते. फिरते ते पिळवटलेले धनुष्य, आणि मला हाच अर्थ अधिक पटतो.

धनुष्य वाकवले म्हणजे त्याच्या पाठीचे, अर्थात नेम धरणाऱ्यापासून दूर असलेल्या बाजूचे, तंतू ताणले जातात आणि पोटाकडचे तंतू दाबले जातात. दोरी मुठीच्या मध्यावरून गेली पाहिजे. बाहूंना पीळ असल्यामुळे ती एका अंगाला पडली, तर ओढताना धनुष्य हातातच वळू पाहते. मग नेम अचूक असूनही बाण भलतीकडे जातो. भिंतीला टेकवून ठेवलेल्या धनुष्यात हा दोष सहज दिसत नाही. तो ओढल्यावर कळतो. स्तोत्र ७८:९ मध्ये एफ्राईमाचे वंशज धनुष्यांनी सज्ज होते, पण लढाईच्या दिवशी त्यांनी पाठ फिरवली, असा उल्लेख आहे. तेथेही क्रियापद ‘हाफाख्’ हेच आहे. धनुर्धारी आणि धनुष्य दोघेही ऐन वेळी फिरले.

आता लाकडाकडे येऊ. पॅलेस्टाईनच्या प्राचीन धनुष्यकारांनी आपली कृती लिहून ठेवलेली नाही; तेथे निव्वळ लाकडाची धनुष्ये होती, तशीच लाकूड, शिंग व स्नायू जोडून केलेलीही होती. त्यामुळे उदाहरण दुसरीकडचे घेतो. अमेरिकेतील टेक्सस, ओक्लाहोमा व आर्कान्सा या भागांत ओसेज ऑरेंज नावाचे काटेरी झाड आहे. फ्रेंच लोकांनी त्याला ‘बोआ दार्क’ म्हणजे धनुष्याचे लाकूड असे नाव दिले, कारण तेथील मूळ रहिवासी त्याचीच धनुष्ये करीत. काटेरी तारा येण्यापूर्वी शेतकरी त्याचे कुंपण लावत. हे लाकूड अत्यंत चिवट. पण सरळ ओंडका मिळणे भाग्याचे. बहुतेक खोड गाठाळ, वाकडे आणि मळसूत्रासारखे पिळलेले असते.

नवशिका काय करतो? करवत घेऊन त्या ओंडक्यातून सरळ फळी कापतो. फळी डोळ्यांना सुरेख दिसते, पण करवतीने आतले तंतू तिरपे तोडलेले असतात. ओढ बसताच पाठीवरून ढलपी उचलते आणि धनुष्य मोडते. जाणता कारागीर ओंडका पाचर ठोकून फोडतो. फाटलेले लाकूड आपल्या तंतूंच्या वाटेने फाटते. म्हणून तुकडा वाकडा निघाला तरी त्याचे तंतू अखंड राहतात. मग साल आणि बाहेरचे पांढुरके लाकूड काढून तो वाढीचे एकच वलय निवडतो व टोकापासून टोकापर्यंत तेवढेच पाठीवर ठेवतो. वलय जेथे चढते तेथे सुरी चढते, जेथे उतरते तेथे उतरते. गाठ आली तर ती तासून सपाट करीत नाहीत. तिच्याभोवती थोडे जास्त लाकूड राखतात.

राहिलेल्या पिळासाठी उष्णता लागते. एक इंच जाडीला साधारण एक तास वाफ देतात, किंवा चरबी चोळून निखाऱ्यांवर धरतात. लाकूड नरम झाले की शिकंज्यात आवळून हळूहळू उलट वळवतात आणि पूर्ण थंड होईपर्यंत सोडत नाहीत. त्यानंतर काही दिवस ते तसेच पडू देतात. निखाऱ्यावर धरलेले लाकूड अतिकोरडे झालेले असते. लगेच वाकवले तर तुटते. हे थांबणे अनेकांना जमत नाही. शिवाय सगळा पीळ काढण्याचा हट्टही नसतो. दोरी मध्यावर आली की पुरे. उरलेला पीळ त्या धनुष्यात जन्मभर राहतो, आणि बाण सरळ जातो.

शेवटी दोरी चढवून ते थोडे थोडे ओढून पाहतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जो भाग अधिक वाकतो तो दुबळा, म्हणून त्याला सुरी लावायची नाही. जो ताठ राहतो, वाकतच नाही, त्याला खरवडायचे. मंडळीच्या शिस्तीविषयी विचार करताना आपण बहुधा याच्या उलट वागतो. घसरलेल्या तरुणाचे नाव तेवढे सभेपुढे येते. न वाकणारे मात्र पहिल्या बाकावर बसलेले असतात.

पण दृष्टांत ताणू नये. लाकूड पिळले जाते यात लाकडाचा अपराध नसतो, एफ्राईमाचा होता. होशेय तो झाकत नाही. ते लोक अंथरुणावर आक्रोश करीत, पण अंतःकरणापासून देवाला हाक मारीत नव्हते. ते वळत, परंतु परात्पराकडे वळत नसत. करवतीने कापलेल्या फळीसारखे त्यांचे धर्माचरण बाहेरून सरळ आणि आत तुटलेले होते. आणि कुजलेले किंवा आरपार चिरलेले लाकूड कारागीर बाजूला ठेवतो, हेही खरेच. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास शोमरोन पडले. न्याय झाला, तो टळला नाही.

तरीही होशेयाचे पुस्तक सातव्या अध्यायात संपत नाही. अकराव्या अध्यायाच्या आठव्या वचनात परमेश्वर एफ्राईमाला सोडून देऊ शकत नाही असे बोलतो, आणि आपले अंतःकरण आपल्या ठायी उलटले असे सांगतो. तेथे क्रियापद ‘हाफाख्’ आहे. फसव्या धनुष्यासाठी स्तोत्रकर्त्याने वापरलेले तेच. धनुष्य आपल्या धन्याविरुद्ध उलटते, आणि धन्याचे अंतःकरण त्या धनुष्यासाठी उलटते. मराठी भाषांतरात हा धागा नजरेस येत नाही, म्हणून येथे मुद्दाम नोंदवला.

जखऱ्या ९:१३ हे वचन यानंतर वाचावे. उत्तरेचे राज्य नाहीसे होऊन कित्येक पिढ्या लोटल्या आहेत, आणि संदेष्टा परमेश्वराला पुन्हा धनुष्य सज्ज करताना पाहतो. तेथील क्रियापद ‘दाराख्’, म्हणजे तुडवणे. ताठ धनुष्य पायाने दाबून वाकवीत, त्यावरून हा शब्द धनुष्य सज्ज करण्यासाठी रूढ झाला. परमेश्वराच्या हातातील ते धनुष्य यहूदा आहे, आणि त्यावर लावलेला बाण एफ्राईम.