गंगाजळी कोणाची, किल्ली कोणाकडे?
राष्ट्रीय कर्जातील परकीय वाटा : एक अभ्यास

राष्ट्राच्या कर्जाचा विषय निघाला की सर्वसामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथम सावकार आणि कूळ यांचे चित्र उभे राहते. कुळाने कागदावर अंगठा उठवावा आणि त्या क्षणापासून सावकाराचे वर्चस्व सुरू व्हावे, असा आपल्या ग्रामजीवनाचा दीर्घ अनुभव आहे. त्यामुळे अमेरिकेचे एवढे कर्जरोखे जपानकडे आहेत, तेवढे चीनकडे आहेत, अशी आकडेवारी वृत्तपत्रांत वाचली म्हणजे जगाची सत्ता आता या धनको देशांच्या हाती गेली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. हा निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा नसला तरी अपुरा आहे. राष्ट्राराष्ट्रांतील देवघेवीत धनको नेहमीच बलवान नसतो आणि ऋणको नेहमीच दुर्बल नसतो. ही गोष्ट समजून घेण्यासाठी फार दूर जावयास नको. ग्वाल्हेरच्या लष्कराचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास त्या दृष्टीने उद्बोधक आहे.

लष्करातील धनको

दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आपल्या फौजेचा तळ दिला. त्या तळाचेच पुढे शहर झाले आणि ‘लष्कर’ हेच त्याचे नाव कायम राहिले. सराफा, दाणाबाजार, सरदारांचे वाडे आणि मराठी कुटुंबांची वस्ती यांनी हे शहर भरभराटीस आले. शिंदे दरबाराच्या गुप्त खजिन्यास ‘गंगाजळी’ असे नाव होते. अडीअडचणीच्या काळासाठी राखून ठेवलेले, सहसा हात न लावावयाचे द्रव्य, असा त्याचा अर्थ. आज मराठीत देशाच्या परकीय चलनाच्या साठ्यालाही आपण गंगाजळीच म्हणतो, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१८७२ मध्ये जयाजीराव शिंदे यांच्या दरबाराने आग्रा-ग्वाल्हेर लोहमार्गासाठी ७५ लाख रुपयांचे कर्ज हिंदुस्थान सरकारास दिले. लगेच १८७३ मध्ये इंदूर-नीमच मार्गासाठी तितकीच रक्कम दिली गेली. शेजारच्या इंदूर संस्थानात तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी खांडवा-इंदूर मार्गासाठी एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने दिले होते. त्या कर्जाची मुदत होती एकशे एक वर्षांची. ही मुदत भरण्याच्या कितीतरी आधी, १९४७-४८ मध्येच, ऋणकोची राजवट संपली आणि धनकोचे संस्थानही विलीन झाले.

हे व्यवहार वरवर पाहता संस्थानांच्या वैभवाची साक्ष देतात. प्रत्यक्षात धनको मांडलिक होता आणि ऋणको सार्वभौम होता. ज्या सरकारला ग्वाल्हेरने पैसा दिला, त्याच सरकारचे सैन्य १८५८ पासून ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर ठाण मांडून बसले होते. झाशी शहराच्या मोबदल्यात किल्ला दरबाराकडे परत आला तो १८८६ मध्ये. त्याच वर्षी जयाजीरावांचे निधन झाले. माधवराव शिंदे त्या वेळी अवघे नऊ वर्षांचे होते. गंगाजळीचे रहस्य वारसास सांगण्यापूर्वीच महाराजांचे निधन झाले, अशी हकिकत लष्करात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

राज्याचा कारभार रीजन्सी कौन्सिलकडे गेला आणि त्यावर ब्रिटिश रेसिडेंटची देखरेख होती. या काळात, १८८७ मध्ये, दरबारच्या संचित द्रव्यातून साडेतीन कोटी रुपये हिंदुस्थान सरकारास कर्जाऊ देण्यात आले. दोन रेल्वे-कर्जांच्या एकत्रित रकमेच्या दुपटीहून ही रक्कम अधिक होती. धनको अल्पवयीन, आणि त्याच्या पालकांवर देखरेख ऋणकोची, असा हा विलक्षण व्यवहार होता. पैसा बुडाला, असे नव्हे. भूगर्भात पडून राहिलेल्या द्रव्याला व्याज मिळू लागले, असेही म्हणता येईल. परंतु पैसा द्यावा की न द्यावा, कोणत्या अटींवर द्यावा आणि केव्हा परत मागावा, हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा पैसा त्याच्याकडे नव्हता. गंगाजळी शिंद्यांची होती. किल्ली मात्र दुसऱ्याच्या हाती होती.

लंडनचा नकार आणि लष्कराचा होकार

याच घराण्याच्या हातून पुढे एक वेगळ्या प्रकारची सावकारी घडली. जमशेटजी टाटा यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या चिरंजीवांनी पोलादाच्या कारखान्यासाठी लंडनच्या बाजारात भांडवल उभे करण्याचा प्रयत्न केला. तो यशस्वी झाला नाही. तेव्हा १९०७ मध्ये टाटांनी स्वदेशी जनतेस आवाहन केले. सुमारे तीन आठवड्यांत जवळजवळ आठ हजार भारतीयांनी मिळून १६ लाख ३० हजार पौंडांचे सर्व भांडवल पुरविले. त्यानंतर खेळत्या भांडवलासाठी चार लाख पौंडांचे कर्जरोखे काढण्यात आले, तेव्हा ती संपूर्ण रक्कम ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी एकट्याने दिली.

१९१२ मध्ये जमशेदपूर येथे, त्या वेळच्या साकची गावी, पोलाद तयार होऊ लागले. १८८७ चे कर्ज आणि हे कर्ज दोन्ही ग्वाल्हेरच्या तिजोरीतूनच गेले. परंतु पहिल्याने परसत्तेची आर्थिक सोय झाली, तर दुसऱ्याने देशात एक उद्योग उभा राहिला. कर्जाची रक्कम किती, यापेक्षा ते कोणी, कोणाला आणि कोणत्या कार्यासाठी दिले, हे पाहणे का आवश्यक आहे, ते यावरून स्पष्ट व्हावे.

हिंदुस्थान सावकार होतो

जे ग्वाल्हेरच्या बाबतीत घडले, तेच दुसऱ्या महायुद्धात फार मोठ्या प्रमाणावर संपूर्ण देशाच्या बाबतीत घडले. युद्धापूर्वी हिंदुस्थान हा इंग्लंडचा ऋणको देश होता. १९३९ नंतर ब्रिटनने युद्धासाठी येथून धान्य, कापड, पोलाद, दारूगोळा असा अफाट माल उचलला. त्याची किंमत रोख सोन्यात किंवा डॉलरमध्ये न देता लंडनमधील खात्यात पौंडांच्या रूपाने जमा केली जाई आणि त्या जमेच्या आधारावर रिझर्व्ह बँक येथे नोटा काढी. बाजारात नोटा वाढल्या, माल मात्र आटला. महागाई भडकली. १९४३ चा बंगालचा भीषण दुष्काळ याच काळातला आहे. अशा रीतीने हिंदुस्थानचे जुने स्टर्लिंग कर्ज बहुतांशी फिटले आणि वर युद्धाअखेर सुमारे १३० कोटी पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने १,७०० कोटींहून अधिक रुपये, ब्रिटनकडून येणे राहिले. कालचे कूळ आज सावकार झाले.

या येण्याच्या रक्षणाची जबाबदारी ज्यांच्यावर पडली, त्यांत रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे प्रमुख होते. रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या नाते या गावी जन्मलेल्या देशमुखांनी १९४३ मध्ये हे पद स्वीकारले. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे भरलेल्या परिषदेस हिंदुस्थानच्या शिष्टमंडळातून ते उपस्थित होते. युद्धकाळातील या येण्याचा काही भाग तरी नव्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीमार्फत इतर चलनांत बदलून मिळावा, असा शिष्टमंडळाचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही; हा प्रश्न ब्रिटन आणि त्याचे धनको यांनी आपसांत सोडवावा, असे ठरले. ब्रिटनमधील काही पुढारी तर हे देणे अंशतः रद्दच करावे, असे म्हणू लागले होते. भारताने तसे होऊ दिले नाही, हे मोठेच यश होय.

तरीही ऑगस्ट १९४७ च्या करारान्वये ही रक्कम दोन खात्यांत विभागली गेली. एका खात्यातील पैसा वापरण्यास मोकळा होता, दुसऱ्यातील बहुतांश रक्कम गोठविलेली होती. ती केव्हा आणि किती सोडावयाची, यासाठी पुन्हा पुन्हा वाटाघाटी कराव्या लागल्या. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचे मूल्य ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणले. त्यासरशी, लंडनमधील एकही पौंड कमी न होता, शिल्लक राहिलेल्या येण्याची डॉलरमधील किंमत सुमारे तीस टक्क्यांनी घसरली. देणे ऋणकोच्याच चलनात असले म्हणजे काय घडू शकते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आरंभीच ही शिल्लक झपाट्याने ओसरली. १९५८ मध्ये भारताला मदत देणाऱ्या राष्ट्रांची बैठक वॉशिंग्टनला भरली, तेव्हा भारत पुन्हा ऋणकोच्या आसनावर होता.

सत्तेचे पारडे कसे झुकते

मग कर्जाचा आणि सत्तेचा काहीच संबंध नाही काय? तसेही नाही. ब्रिटनचे उदाहरण पाहावे. महायुद्धाने त्या देशास ज्यांचे ज्यांचे ऋणी केले, त्यांत भारताप्रमाणेच अमेरिकाही होती. परंतु अमेरिकेचे कर्ज डॉलरमध्ये होते आणि त्यास अटी होत्या. त्या अटीनुसार जुलै १९४७ मध्ये पौंड खुलेपणाने बदलण्यायोग्य करावा लागला. अवघ्या पाच-सहा आठवड्यांत तो प्रयोग गुंडाळावा लागला. १९५६ मध्ये सुवेझ प्रकरणी पौंड संकटात असताना अमेरिकेने आर्थिक साह्य रोखून धरले, तेव्हा ब्रिटनला माघार घ्यावी लागली. म्हणजे एकाच ऋणकोपुढे एक धनको विनवण्या करीत होता, तर दुसरा हुकूम देत होता. फरक रकमेचा नव्हता. चलन कोणाचे आणि पर्याय कोणापाशी, हा फरक होता.

या युद्धोत्तर अमेरिकन कर्जाचा अखेरचा हप्ता ब्रिटनने डिसेंबर २००६ च्या शेवटी फेडला. त्यानंतर महिनाभरातच, जानेवारी २००७ मध्ये, ‘कोरस’ ही ब्रिटिश-डच पोलाद कंपनी टाटा स्टीलने बोली जिंकून मिळविली. ज्या कारखान्यास लंडनने एके काळी भांडवल नाकारले होते, त्याच्या वारसांनी इंग्लंड-वेल्समधील भट्ट्या विकत घेतल्या. पुढे हा भार टाटांना जड गेला, हेही नमूद केले पाहिजे. परदेशातील मालमत्ता म्हणजे आपोआप सामर्थ्य नव्हे.

आजची अमेरिका हा जगातील सर्वांत मोठा ऋणको देश आहे. २०२५ मध्ये तिचे सरकारी कर्ज ३६ लाख कोटी डॉलरच्या पुढे होते. त्यातील परदेशी धनकोंत जपानचा क्रमांक पहिला असून त्याच्याकडील रोखे एक लाख कोटी डॉलरहून अधिक आहेत. चीनकडे २०१३ मध्ये सुमारे १.३ लाख कोटी डॉलरचे रोखे होते. त्यानंतर त्याने ते सातत्याने कमी केले. भारताच्या गंगाजळीतही अमेरिकी रोख्यांचा मोठा भाग आहे. हे रोखे एकदम विकावयास काढले तर अमेरिकेचे व्याजदर चढतील हे खरे. परंतु विकणाऱ्याच्या हातातील उरलेल्या रोख्यांचीही किंमत पडेल. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर पाश्चात्त्य राष्ट्रांनी रशियाची सुमारे ३०,००० कोटी डॉलरची गंगाजळी गोठविली. १९४७ च्या गोठविलेल्या खात्याची आठवण व्हावी, अशीच ही घटना होती. त्यानंतर अनेक देशांच्या मध्यवर्ती बँकांनी सोन्याची खरेदी वाढविली. भारतानेही २०२३-२४ या वर्षात इंग्लंडमध्ये ठेवलेले सुमारे १०० टन सोने मायदेशी आणले. १९९१ च्या संकटात सुमारे ४७ टन सोने तारण म्हणून बाहेर पाठवावे लागले होते, हे ज्यांना आठवते, त्यांना या घटनेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

तीन कसोट्या

या सर्व इतिहासावरून परकीय कर्जाची पारख करण्याच्या तीन कसोट्या हाती लागतात. पहिली, कर्ज कोणत्या चलनात आहे? स्वतःच्या चलनात घेतलेले कर्ज ऋणकोस सोसते. परक्या चलनातील कर्ज संकटकाळी गळफास होऊ शकते. दुसरी, पैसा कोणाच्या ताब्यात आणि कोणाच्या कायद्याखाली आहे? तिसरी, तो कशावर खर्च झाला? लोहमार्ग आणि पोलादाचा कारखाना कर्ज फेडण्याची ताकद निर्माण करतात. उधळपट्टी ती खाऊन टाकते.

या कसोट्यांवर भारताची आजची स्थिती पुष्कळशी समाधानकारक आहे. केंद्र सरकारच्या एकूण कर्जात परकीय कर्जाचा वाटा सुमारे पाच टक्केच आहे. जून २०२४ पासून भारताचे रुपयांतील रोखे एका प्रमुख आंतरराष्ट्रीय निर्देशांकात समाविष्ट झाल्याने परदेशी गुंतवणूकदारांचा ओघ वाढला, तरी त्यांचा हिस्सा अद्याप अल्प आहे. हे भांडवल उपयुक्त आहे. मात्र ते जसे येते तसे जाऊही शकते, याचे भान राखणे इष्ट.

राहिलेल्या मोठ्या हिश्शाचा धनको कोण? बँका, आयुर्विमा महामंडळ, भविष्य निर्वाह निधी, पोस्टातील अल्पबचत यांच्याद्वारे तो या देशाचा सामान्य नागरिकच आहे. पोस्टाचे बचतपत्र घेणारी गृहिणी आणि विम्याचा हप्ता भरणारा शिक्षक हे राष्ट्राचे सावकार आहेत. नोव्हेंबर २०२१ पासून तर रिझर्व्ह बँकेकडे खाते उघडून सरकारी रोखे थेट विकत घेण्याची सोयही झाली आहे. १८८७ मध्ये लष्कराच्या अल्पवयीन महाराजांना आपल्या पैशाचे काय होते, हे विचारण्याचा अधिकार नव्हता. आजच्या धनकोस तो आहे. अर्थसंकल्पातील कर्जाचे आकडे वाचणे आणि त्या पैशातून काय उभे राहिले, हे विचारणे, हाच त्या अधिकाराचा वापर होय. किल्ली आपल्या हाती राहावयाची असेल, तर हिशेबही आपणच पाहिला पाहिजे.