देवगिरी आणि रात्रीची गाडी

रात्रीच्या गाडीने परतणाऱ्या प्रवाशाला सकाळी एक मोठा भ्रम होत असतो. गाडी रात्री अकराची असते, सारा दिवस हाताशी असतो, आणि एवढ्या वेळात काय पाहून होणार नाही, असे त्याला वाटते. छत्रपती संभाजीनगरात तर हा भ्रम अधिकच बळावतो. कारण शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला आहे आणि तेथून जवळजवळ तितकेच पुढे गेले, की वेरूळची लेणी लागतात.

मुंबईकडील एका शाळेची अठरा मुले निबंधस्पर्धेसाठी या शहरात आली होती. स्पर्धा संपली, आणि परतीच्या गाडीपूर्वीचा एक दिवस मोकळा राहिला. आदल्या रात्री धर्मशाळेत मोठा वाद माजला. निम्मी मुले म्हणाली, "किल्लाही पाहू आणि लेणीही पाहू." गुरुजींनी निकाल दिला नाही. त्यांनी एक कोरा कागद पुढे केला व सांगितले, "पानाच्या तळाशी गाडीची वेळ लिहा आणि तेथून एकेक पायरी वर चढत या."

मुले लिहू लागली. अकराला गाडी, म्हणजे दहाला स्टेशनावर. त्यापूर्वी जेवण आणि सामानाची बांधाबांध. म्हणजे सातला शहरात. बस मिळण्यास किती वेळ लागेल ते कोणी सांगावे? म्हणून पाचला रस्त्यावर. गड उतरण्यास दीड तास. आणि थंडीच्या दिवसांत सूर्य सहाच्या आतबाहेर मावळतो, हेही विसरून चालणार नव्हते. कागदाच्या वरच्या टोकाशी एक ओळ उरली: दुपारी तीन वाजता, असू तेथून मागे फिरणे. वेरूळचे नाव कोणी खोडले नाही. त्याला कागदावर जागाच मिळाली नाही. आजोबांचे जुने मनगटी घड्याळ बांधून आलेल्या एका मुलीकडे हा कागद सोपविण्यात आला. त्या रात्रीपासून तिचे नाव 'घड्याळवाली' असे पडले.

देवगिरीचा डोंगर दुरूनच ओळखू येतो. सपाट भूमीवर एकटाच उभा असलेला हा सुळका सुमारे २०० मीटर उंच आहे. त्याच्या खालच्या अंगाचा कडा चारी बाजूंनी भिंतीसारखा तासून काढलेला आहे. त्या कड्याच्या पायाशी खडकात खोल खंदक खोदलेला आहे. यादवांनी बाराव्या शतकात येथे आपली राजधानी वसविली. पुढे १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे आणण्याचा घाट घातला आणि गावाचे नाव दौलताबाद ठेवले. काही वर्षांतच तो बेत फसला. नाव मात्र टिकले.

या किल्ल्याची खरी करामत भिंतींच्या जाडीत नाही. शत्रूचा वेळ खाणे, ही त्याची करामत होय. अंबरकोट, महाकोट आणि कालाकोट असे तीन तट एकामागून एक लागतात. एका दरवाजातून आत शिरावे तो दुसरा समोर दिसतच नाही. वाट वळते, आणि वळणावर बुरूज टपलेला असतो. दरवाजांच्या फळ्यांवर हत्तींनी धडक देऊ नये म्हणून लोखंडी खिळे ठोकलेले आहेत. मुलांचाही वेळ किल्ल्याने असाच खाल्ला. हत्ती हौदाच्या काठावर दहा मिनिटे गेली. बहमनी सुलतानाने पंधराव्या शतकात उभारलेल्या, ६० मीटरांहून उंच अशा चांद मिनाराकडे मान वर करून पाहण्यात आणखी दहा गेली. गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन जेथे कैदेत होता, तो चिनी महाल पाहून झाला. मेंढ्याचे मुख असलेल्या तोफेपाशी तर कोणी हलेच ना. घड्याळवालीने दोनदा हाक दिली.

खंदकावरील पूल ओलांडला, की अंधारी लागते. अंधारी म्हणजे डोंगराच्या पोटातून वर जाणारी, वाकडीतिकडी कोरलेली भुयारी वाट. बाहेरच्या उन्हातून आत पाऊल टाकताच डोळ्यांना काहीच दिसेनासे होते. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, वळणे अवचित येतात, वटवाघळांचा उग्र दर्प नाकात भरतो. शत्रू येथवर आलाच तर वरच्या तोंडाशी आग पेटवून धूर आत सोडावयाचा, अशी योजना होती असे सांगतात. मुलांनी एकमेकांचे हात धरले. बोलकी मुलेही गप्प झाली. भिंतीवर हात ठेवून, पायाने पायरी चाचपडत, शत्रूने जसे चालावे असे गडकऱ्यांना वाटत होते, नेमके तसे ती सारी चालत होती.

अंधारीपलीकडे उजेडात बसून सर्वांनी शिदोरी सोडली. त्या वेळी गुरुजींनी १२९६ सालची हकीकत सांगितली. अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला, तेव्हा यादवांचे मुख्य सैन्य दूर होते. राजा रामचंद्रदेव गडावर गेला. घाईघाईने वर नेलेल्या पोत्यांत धान्य असेल अशा भरवशावर गड लढविला गेला. पोती उघडली तो त्यांत मीठ निघाले! इतिहासग्रंथांत आलेली ही कथा खरी असेल, तर तिच्याइतका कडू विनोद शोधून सापडणार नाही. ज्या कड्यावर मुंगी चढू नये, तो गड भुकेपुढे नमला.

मुलांपैकी एकाचे लक्ष मात्र वर, माथ्याकडे लागले होते. त्याची आजी वारकरी. निघताना तिने बजावले होते, "गडावर जनार्दनस्वामींच्या पादुका आहेत. माझा नमस्कार सांग." जनार्दनस्वामी हे या गडाचे किल्लेदार आणि संत एकनाथांचे गुरू. त्याने चढता चढता नाथांची गोष्ट सर्वांना सांगितली: स्वामींच्या हिशेबात एका पैची चूक येत होती, ती शोधण्यासाठी बाळ एकनाथ रात्रभर दिव्यापाशी बसून राहिला, आणि चूक सापडताच आनंदाने टाळ्या पिटू लागला.

बारादरीपाशी पोहोचल्यावर सर्वांनी वारा खाल्ला. खाली तटांची वर्तुळे दिसत होती. माथा अगदी जवळ आला होता. घड्याळवालीने मनगटाकडे पाहिले. तीन वाजून पाच मिनिटे झाली होती.

"परत फिरायचं," ती म्हणाली.

"आणखी थोडंच तर राहिलंय," तो मुलगा काकुळतीने म्हणाला. "थोड्या वेळाने असं काय बिघडणार आहे?"

तिने क्षणभर गुरुजींकडे पाहिले. गुरुजी दूर क्षितिजाकडे पाहत होते. मग ती हळूच म्हणाली, "एका पैसाठी नाथ रात्रभर जागले, असं तूच सांगितलंस ना?"

मुलाचा चेहरा उतरला. त्याने माथ्याच्या दिशेने हात जोडले, कपाळ दगडी कठड्याला टेकले आणि कोणाशी न बोलता सर्वांच्या पुढे उतरू लागला.

उतरताना अंधारीने चढतानापेक्षा जास्त वेळ घेतला. एका मुलीचा पाय मुरगळला. बाई तिला आधार देत पायरी पायरीने आल्या. मुख्य दरवाजाबाहेर पडेपर्यंत पाच वाजून गेले. त्यातच वेरूळकडून येणारा रस्ता जुन्या तटाच्या अरुंद दरवाजातून जातो, आणि तेथे गाड्यांची रांग लागली होती. हत्तींच्या काळी बांधलेला तो दरवाजा आजच्या मोटारींनाही एकेक करूनच सोडतो. पहिली बस भरून आली, थांबली नाही. दुसरीही तशीच गेली. अंधार पडला. तिसऱ्या बसमध्ये सारी कशीबशी उभी राहिली, तेव्हा सात वाजले होते. शहरात बसून जेवणे झालेच नाही. पोळीभाजी कागदात बांधून घ्यावी लागली. सामानासह ती स्टेशनावर आली, तेव्हा दहा वाजून पस्तीस मिनिटे झाली होती.

गाडी आली. वळकट्या उलगडल्या गेल्या, दिवे मालवले गेले. तो मुलगा खिडकीपाशी बसून होता. बारादरीपासून तो घड्याळवालीशी एक शब्दही बोलला नव्हता. मनमाडकडे जाणारी ही लोहमार्गाची वाट दौलताबादवरूनच जाते. थोड्या वेळाने एका लहान स्टेशनाचे दिवे आले आणि मागे पडले. पाटीवरचे नाव त्याने वाचले. खिडकीच्या काचेला कपाळ लावून त्याने बाहेर पाहिले. डोंगर कोठे संपतो आणि आकाश कोठे सुरू होते, ते काही केल्या कळत नव्हते.

समोरच्या बाकावर घड्याळवाली अजून जागी होती.

"किती वाजले गं?" त्याने विचारले.

तिने मनगट दिव्याकडे वळवले आणि त्याला वेळ सांगितली.