गिटार, पेडल आणि नकलेपलीकडचा नाद

विद्युत गिटारचा इतिहास बहुधा थोर वादकांच्या चरित्रांतून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात आम्ही तो वादकाच्या पायापाशी असलेल्या एका लहानशा धातूच्या डबीच्या बाजूने पाहणार आहोत. या डबीला ‘इफेक्ट पेडल’ म्हणतात. आपल्या वसतिगृहातील मुले आता ती हाताळू लागली आहेत आणि काही माजी विद्यार्थी भीमगीतांच्या वाद्यवृंदांत ती नित्य वापरतात. तिच्यातून निघणारा आवाज ऐकून पालक कधी विचारतात, ‘गुरुजी, हे संगीत की गोंगाट?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर इतिहासात सापडत असल्याने इतिहासाच्या शिक्षकाने ते देणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम यंत्र समजून घेऊ. विद्युत गिटारच्या पोलादी तारांखाली चुंबक व त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. त्यास पिकअप म्हणतात. तार थरथरली की वेटोळ्यात क्षीण विद्युत्संकेत निर्माण होतो व तो केबलवाटे ॲम्प्लिफायरकडे जातो. पेडल या वाटेत मध्ये बसते आणि संकेताचे रूप पालटते. ते पायाने चालवायचे, कारण दोन्ही हात वादनात गुंतलेले असतात. ‘फज’ पेडल संकेत इतका वाढवते की त्याच्या लाटांचे माथे कापले जाऊन सपाट होतात. त्यामुळे मूळ स्वरात नसलेले अनेक उपस्वर उमटतात, आवाज खरखरीत होतो व लांबतो. ‘वाह-वाह’ पेडल पावलाच्या हालचालीनुसार कधी जाड तर कधी बारीक ध्वनी पुढे आणते, आणि तार जणू ‘वा’ म्हणते. ‘डिले’ म्हणजे प्रतिध्वनी.

या डब्या कशासाठी विकल्या गेल्या, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या गीताचे ध्वनिमुद्रण सुरू असताना यंत्रात बिघाड झाला आणि ग्रेडी मार्टिन यांचे वादन फाटल्यासारखे उमटले. तो बिघाड गीतात तसाच राहू दिला गेला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तोच आवाज देणारे मंडल तयार केले आणि १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने ते ‘माएस्ट्रो फज-टोन’ या नावाने बाजारात आणले. जाहिरातीचा सूर असा, की हे जोडले म्हणजे तुमची गिटार ट्रम्पेट, सॅक्सोफोन किंवा चेलोसारखी वाजेल. १९६६ साली ब्रॅड प्लंकेट यांनी घडविलेल्या वाह-वाह पेडलवरही प्रारंभी क्लाइड मॅकॉय या ट्रम्पेटवादकाचे नाव झळकत होते. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्स यांनी १९६५ मध्ये ‘सॅटिस्फॅक्शन’साठी फज वापरले, ते पुढे तेथे वाजवायच्या ट्रम्पेट-सॅक्सोफोनची जागा दाखविण्यापुरते. गीत मात्र तसेच प्रसिद्ध झाले आणि तोवर फारशी न खपलेली डबी दुकानांत मिळेनाशी झाली. सारांश, या पेडलांचा जन्म नकलेसाठी झाला; गिटारने स्वतःहून प्रतिष्ठित वाद्याचे सोंग घ्यावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती.

‘नक्कल’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहोत. बाबासाहेबांनी १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवरील जो निबंध वाचला, त्यात जातीच्या प्रसाराचे एक कारण म्हणून त्यांनी अनुकरणाचा विचार मांडला आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ तार्द यांच्या आधारे ते दाखवून देतात की, अनुकरणाचा ओघ वरून खाली वाहतो. प्रतिष्ठिताचे पाहून इतर वागतात. वाद्यांच्या जगातही हा ओघ दिसतो. तो अडविला कोणी, हा पुढचा प्रश्न.

जिमी हेंड्रिक्स यांचा जन्म १९४२ साली सिएटल येथील कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. १९६१ मध्ये ते अमेरिकी सैन्याच्या छत्रीधारी तुकडीत दाखल झाले व पुढच्याच वर्षी बाहेर पडले. नंतरची काही वर्षे त्यांनी लिटल रिचर्ड, आयस्ली ब्रदर्स अशा कलावंतांच्या मागे उभे राहून ठरवून दिलेले वाजविण्यात घालविली. पुढे नाव झाल्यावर १९६९ च्या ऑगस्टमध्ये वूडस्टॉक महोत्सवात त्यांनी अमेरिकेचे राष्ट्रगीत गिटारवर वाजविले, आणि त्यात बॉम्ब व विमानांचे आवाज मिसळले. त्या वादनावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आमच्या मते मात्र १ जानेवारी १९७० रोजी न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट येथे वाजविलेले ‘मशीन गन’ अधिक मोलाचे. राष्ट्रगीतात मूळ चाल सर्वांना ठाऊक असते व तिची मोडतोड ऐकू येते. ‘मशीन गन’मध्ये मोडायला आधीची चालच नाही.

त्या दिवशी साथीला बडी माइल्स (ड्रम) आणि बिली कॉक्स (बास) होते. कॉक्स सैन्यातले सोबती. आरंभी हेंड्रिक्स यांनी हे वादन आधी शिकागो, मिलवॉकी व न्यूयॉर्क येथे लढणाऱ्या सैनिकांना आणि नंतर व्हिएतनाममधील सैनिकांना अर्पण केले. हा क्रम ध्यानात घ्यावा. आपल्याच देशाच्या शहरांतील रस्ते त्यांना रणभूमीच वाटत होते. मग दाबून धरलेल्या तारांवर तुटक आघात आणि त्याच लयीत ड्रमचे ठोके येतात. ऐकणाऱ्याला गोळीबार ओळखायला क्षणही लागत नाही. त्याखाली ‘युनि-व्हाइब’ या जपानी पेडलची संथ लाट सतत हेलकावत असते. या पेडलच्या आत एक छोटा दिवा मंदप्रखर होत राहतो, भोवतीचे प्रकाशसंवेदी घटक त्यानुसार बदलतात आणि आवाज वितळल्यासारखा होतो. नंतर एकच स्वर येतो आणि थांबतच नाही. तारेचे स्वाभाविक आयुष्य काही क्षणांचे. पण फजमुळे तो स्वर लांबतो आणि ॲम्प्लिफायरच्या फीडबॅकमुळे जिवंत राहतो. तो किंकाळीसारखा आहे, तरी कोणाच्याही किंकाळीची ती नक्कल नव्हे.

फीडबॅक म्हणजे स्पीकरच्या आवाजाने तार पुन्हा थरथरणे, आणि ती थरथर पुन्हा स्पीकरकडे जाणे. गिटार फार जवळ नेली तर कर्कश शीळ सुटते, फार दूर नेली तर स्वर मरतो. मधली जागा वादकाला शरीराने शोधावी लागते. वीणा वाजविणाऱ्या सोणाला तथागतांनी दिलेला तारेचा दृष्टान्त आपल्या विद्यार्थ्यांना पाठ आहे. फार ताणलेली व फार सैल तार, दोन्ही वाजत नाहीत. ती गाथा शिकविताना आम्ही हल्ली गिटार जवळ ठेवतो.

दुसरे उदाहरण टॉम मोरेलो यांचे. वडील केनियाचे, आई अमेरिकन शिक्षिका. १९८६ साली हार्वर्डची पदवी. त्यांच्या ‘रेज अगेन्स्ट द मशीन’ या वृंदाच्या १९९२ च्या पहिल्या संग्रहावर, यात सॅम्पल, कीबोर्ड वा सिंथेसायझर वापरलेले नाही, अशी नोंद छापली आहे. ती छापण्याची गरज पडली, कारण ऐकणाऱ्याचा विश्वास बसला नसता. ‘बुल्स ऑन परेड’ (१९९६) मधील त्यांचे एकलवादन पाहा. गिटारवर दोन पिकअप असतात. एकाचा आवाज शून्यावर, दुसऱ्याचा पूर्ण. मधला स्विच हलविला की आवाज सुरू-बंद, सुरू-बंद होतो. एका हाताने स्विच, दुसऱ्या हाताचा तळवा तारांवर घासत राहायचा, आणि पायाखाली वाह-वाह. यातून न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स वस्तीत कृष्णवर्णीय तरुणांनी शोधलेला, तबकडी मागेपुढे घासण्याचा आवाज निघतो.

चौकस वाचक येथे म्हणेल, हीही नक्कलच झाली. होय, परंतु तिची दिशा पाहावी. ज्या तबकडीला जाणकार वाद्य मानायलाही तयार नव्हते, तिच्याकडून प्रस्थापित गिटार शिकत आहे. बाबासाहेबांनी वर्णिलेला ओघ येथे उलट वाहतो. ज्या ब्लॅक पँथरांच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले, त्यांच्याच समाजातून ही उलटी वाट निघाली, हा आम्हांस योगायोग वाटत नाही.

आता विद्यार्थ्यांसाठी थोडे प्रत्यक्ष. फज सुरू ठेवून गिटारवरील आवाजाचे बटण हळूहळू कमी करा. खरखर विरत जाते व त्याच पेडलमधून स्वच्छ स्वर येतो. वाह-वाह तालावर हलविण्याचा मोह आवरा आणि पाऊल मध्येच एका जागी स्थिर ठेवा; मिळणारा नाकातला स्वर सहसा कोणी वापरीत नाही. डिले लावून लाकडी पेन्सिल तारांवर हलकेच उडू द्या. मोरेलो यांनी ‘कोचीस’मध्ये असाच हेलिकॉप्टरचा भास निर्माण केला. डिले फजच्या आधी जोडल्यास प्रतिध्वनी एकमेकांत कालवतात, नंतर जोडल्यास सुटे राहतात. दोन्ही करून पाहावे. महागड्या पेडलची गरज नाही. जुन्या फजचे मंडल म्हणजे दोन ट्रान्झिस्टर आणि मोजके रोध व धारित्र. बारावीच्या विज्ञान शाखेच्या मुलांना ते प्रयोगशाळेत जोडता येईल, आणि माजी विद्यार्थ्यांपैकी अभियंत्यांनी त्यासाठी सुट्टीचे दोन दिवस द्यावेत, अशी आमची विनंती आहे. पालकांनी एवढेच पाहावे की खोली लहान असेल तर आवाजही लहान ठेवला जाईल. कानाला झालेली इजा भरून येत नाही. आणि वादन संपल्यावर गिटारची केबल पेडलमधून काढून ठेवावी. बहुतेक पेडलांत ती जोडलेली असेतो, दिवा विझलेला असला तरी आतली नऊ व्होल्टची बॅटरी खर्ची पडत राहते.