मोबाइलवरील आरोग्य-अ‍ॅप : नियमनाचा पेच

आषाढात कर्लीच्या खोऱ्यात भातलावणी सुरू झाली की कुडाळ तालुक्यातील आरोग्यसेवकांना लेप्टोस्पायरोसिसवर नजर ठेवावी लागते. उंदीर व गुरे यांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलपाण्यातून, पायावरील जखमांवाटे या रोगाचे जंतू शरीरात शिरतात. आरंभी तो साध्या तापासारखाच भासतो. वेळीच योग्य प्रतिजैविक मिळाल्यास रोगी बहुधा सावरतो. विलंब झाल्यास मूत्रपिंड व यकृत यांवर आघात होतो. अशा वेळी घरातील मोबाइलवर लक्षणे नोंदविली आणि ‘विषाणूजन्य ताप, विश्रांती घ्यावी’ असे उत्तर आले, तर त्याचे उत्तरदायित्व कोणाचे? रोगी आठवडाभर लावणीच्या चिखलात उभा होता, हे अ‍ॅपने कदाचित विचारलेलेही नसते.

कायदा या बाबतीत अगदीच मूक नाही. ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेन्वये रोगनिदान वा उपचार यांसाठी असलेली संगणकीय आज्ञावलीही १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कक्षेत आली. वैद्यकीय उपकरणांविषयीच्या २०१७ च्या नियमांत धोक्यानुसार चार वर्ग आहेत. पेच आहे तो ‘हेतू’ या शब्दात. अ‍ॅप कशासाठी आहे, हे प्रथम त्याचा निर्माताच सांगतो. ‘केवळ सर्वसाधारण माहितीसाठी’ असे बारीक अक्षरांत लिहून तो उपकरणाच्या व्याख्येबाहेर राहू पाहतो. रुग्ण मात्र ते उत्तर वैद्यकीय सल्ला म्हणूनच घेतो. शिवाय परवाना मिळालेले रक्तदाबमापक यंत्र वर्षभर तेच राहते, अ‍ॅप मात्र रातोरात बदलते. गेल्या महिन्यात तपासलेली आज्ञावली आज तीच आहे, हे निरीक्षकाने कसे ठरवावे?

ही भीती काल्पनिक नव्हे. २०१४-१५ मध्ये ‘इन्स्टंट ब्लड प्रेशर’ हे अ‍ॅप अमेरिकेत विकले जात होते. मोबाइल छातीशी धरून कॅमेऱ्यावर बोट ठेवले की रक्तदाब कळतो, असा त्याचा दावा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत, रक्तदाब वाढलेल्या दर दहांपैकी सुमारे आठ जणांना त्याने तो वाढलेला नसल्याचे दाखविले होते.

दूरवैद्यकाविषयीची २५ मार्च २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे अधिक स्पष्ट आहेत. सल्ला व औषधचिठ्ठी नोंदणीकृत डॉक्टरनेच द्यावी. कृत्रिम बुद्धिमत्तेने ती देता कामा नये. रुग्णाच्या माहितीसाठी २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले व तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. मात्र आरोग्यविषयक माहितीला त्यात वेगळा वर्ग नाही. म्हणजे उपकरण एका कायद्यात, डॉक्टर दुसरीकडे, माहिती तिसरीकडे. एकच अ‍ॅप तिन्ही कामे करते. तक्रार घेऊन आलेल्या ग्रामस्थाला कोणत्या दाराशी पाठवावे, हे ग्रामसेवकासही चटकन सांगता येणार नाही.

शासनाच्या ई-संजीवनी सेवेत पलीकडे नोंदणीकृत डॉक्टर असतो, हा फरक ग्रामसभेत व शाळेत आवर्जून सांगण्याजोगा आहे. अर्थात लावणीच्या दिवसांतील तापाला तेवढेही पुरत नाही. पोटऱ्या दाबून पाहाव्या लागतात, डोळ्यांची लाली पाहावी लागते, रक्त तपासावे लागते. आणि त्यासाठी रोग्याला प्राथमिक आरोग्य केंद्राची वा रुग्णालयाची पायरी चढावीच लागते.