पेरू आणि चक्का : गोडही खाऊ, रक्तही राखू

हिवाळा लागला की बाजारात पेरूचे ढीग दिसू लागतात. आपल्या जिल्ह्यात राहाता तालुका पेरूसाठी ओळखला जातो, आणि अकोले तालुक्यातले आपले राजूर ओळखले जाते पेढ्यासाठी. भंडारदऱ्याला येणारी माणसे परत जाताना राजूरचा पेढा घेऊन जातात. म्हणजे फळ जिल्ह्यातले आणि दूध गावातले. या दोन्हींचा मिळून एक चांगला गोड पदार्थ होतो. तो कसा करायचा ते या वेळी पाहू. पण तो कधी खायचा आणि कशाबरोबर खायचा नाही, हे त्याहून महत्त्वाचे आहे. कारण शरीरात लोह शोषले जाताना पेरू मदत करतो आणि दूध अडवते. ज्या घरात बाईचे रक्त कमी आहे, त्या घराने ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे.

हा पदार्थ आला कुठून?

पेरू मूळचा अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातला. पोर्तुगीजांमार्फत तो भारतात आला असे मानले जाते. क्युबात पेरूचा घट्ट गर आणि क्रीम चीज भरून खुसखुशीत पापुद्र्याची पेस्ट्री करतात. ब्राझीलमध्ये पेरूची वडी आणि पांढरे चीज यांचे काप एकत्र खातात. त्या जोडीला तिथले लोक लाडाने ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ म्हणतात. आपल्या शेजारच्या गोव्यात नाताळला पेरूची जी लालसर वडी करतात तिला ‘पेराद’ म्हणतात. इंग्रजीत तिला पेरूचे चीज म्हणत असले तरी तिच्यात दूध नसते, फक्त पेरूचा गर, साखर आणि लिंबू.

क्रीम चीज म्हणजे दूध आणि साय विरजून, पाणी काढून केलेला मऊ, आंबटसर गोळा. शहरातल्या मोठ्या दुकानात त्याचा डबा मिळतो, पण तो महाग असतो आणि त्यात साधारण एक तृतीयांश स्निग्धांश असतो. आपल्याला त्याची गरज नाही. आपल्याकडे चक्का आहे. श्रीखंडासाठी दही बांधतो तोच चक्का. चव जवळजवळ तशीच, स्निग्धांश कमी आणि खर्च फक्त दुधाचा.

पेरूत काय आहे?

महाराष्ट्रात भरपूर लागवड असलेला ‘सरदार’ म्हणजेच ‘लखनौ ४९’ हा वाण १९२७ मध्ये पुण्याच्या गणेशखिंड फळ संशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी निवडला. नाव लखनौचे असले तरी वाण आपल्या पुण्याचा.

१०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमहून जास्त क जीवनसत्त्व असते. संत्र्याच्या तुलनेत हे साधारण चौपट आहे. प्रौढ बाईची दिवसाची गरज ६५ मिलिग्रॅम आणि पुरुषाची ८० मिलिग्रॅम. म्हणजे एका मध्यम पेरूच्या अर्ध्या भागात दिवसाची गरज भागते. शिवाय १०० ग्रॅम पेरूत सुमारे ५ ग्रॅम तंतू असतात. त्यामुळे पोट साफ राहते आणि रक्तातली साखर एकदम वाढत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते. तासभर आटवलेल्या पेरूच्या वडीत ते थोडेच उरते. वडी खायची ती चवीसाठी. रक्तासाठी पेरू कच्चाच, धुऊन, सालीसकट खायचा.

चक्क्यात काय आहे?

एक लिटर गाईच्या दुधात सुमारे ३२ ग्रॅम प्रथिने असतात. एक लिटर दुधाच्या दह्यापासून ३०० ते ४०० ग्रॅम चक्का निघतो आणि बहुतेक प्रथिने त्यातच राहतात. दुधातली काही साखर विरजताना कमी होते, काही निथळलेल्या पाण्याबरोबर जाते. म्हणून ज्यांना दूध पचत नाही, पोट फुगते, त्यांनाही चक्का बहुधा चालतो. निथळलेले पाणी फेकू नका. त्यात भाकरीचे पीठ मळा किंवा कढीत घाला.

लोहाचे गणित

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दर दोन बायकांमागे एकीहून जास्त. दम लागणे, पाय ओढल्यासारखे वाटणे, चक्कर, डोळ्यांच्या आतली कडा फिकी होणे, माती किंवा खडू खावासा वाटणे, ही त्याची लक्षणे. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदर बाईचे ११ च्या खाली असेल, तर तो रक्तक्षय. गरोदर बाईचे ७ च्या खाली गेले तर घरी थांबायचे नाही, थेट रुग्णालयात जायचे.

आपण नागली, बाजरी, मटकी, चवळी, पालेभाज्या खातो. त्यात लोह असते, पण वनस्पतीतले लोह आतड्यात सहज शोषले जात नाही. मटण, कलेजी, सुकट यांतले लोह जास्त चांगले शोषले जाते. वनस्पतीतल्या लोहाला क जीवनसत्त्वाची जोड मिळाली, तर ते शोषता येईल अशा रूपात येते. मात्र ही जोड त्याच जेवणात मिळायला हवी. सकाळी पेरू आणि दुपारी भाकरी असे केले तर उपयोग होत नाही.

उलट बाजूला दोन अडथळे आहेत. चहा-कॉफीतली टॅनिनसारखी द्रव्ये लोहाला बांधून ठेवतात. दूध, दही, चक्का, पेढा यांतले कॅल्शियमही त्याच वेळी खाल्लेले लोह शोषले जाण्यात अडथळा आणते. वस्त्यांमध्ये बायका मला सांगतात, “ताई, लाल गोळी चहाबरोबर घेते, म्हणजे मळमळत नाही.” कुणी दुधाबरोबर घेते, कारण सासूबाईंनी सांगितले की गोळी गरम पडते. गोळी पोटात जाते, पण त्यातले बरेच लोह रक्तापर्यंत पोचत नाही. मग तीन महिन्यांनी तपासणीत आकडा तसाच येतो आणि बाई म्हणते, सरकारी गोळीत काही दम नाही. गोळीत दम असतो, वेळ चुकलेली असते.

म्हणून नियम असा :

१. लोहाची गोळी पाण्याबरोबर घ्या, त्यासोबत कच्च्या पेरूच्या दोन फोडी किंवा लिंबूपाणी. मळमळ होत असेल तर जेवल्यानंतर किंवा रात्री झोपण्यापूर्वी घ्या, पण चहा-दुधाबरोबर नको.

२. गरोदरपणात कॅल्शियमची गोळीही मिळते. ती आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नका. दोन तासांचे अंतर ठेवा.

३. शौच काळसर होते म्हणून घाबरू नका आणि गोळी बंद करू नका. गरोदर बाईने चौथ्या महिन्यापासून रोज एक अशा १८० गोळ्या आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायच्या आहेत.

४. चक्क्याचा कोणताही गोड पदार्थ जेवणाच्या ताटात वाढू नका. दुपारी चार वाजता, जेवण आणि गोळी दोन्हींपासून लांब खा.

कृती १ : घरचा चक्का

एक लिटर दूध ढवळत चांगले उकळा. घरच्या गाईचे असले तरी कच्चे दूध विरजू नका. कच्च्या दुधातून क्षयाचे आणि ब्रुसेलोसिससारख्या तापाचे जंतू येऊ शकतात. दूध कोमट झाले की चमचाभर दही घालून विरजा. घट्ट लागलेले दही उकळून वाळवलेल्या सुती फडक्यात बांधा आणि खाली भांडे ठेवून टांगा. थंडीत सहा ते आठ तास, उन्हाळ्यात तीन-चार तास पुरेत, नाहीतर आंबट होते. फ्रिज नसेल तर चक्का त्याच दिवशी संपवा.

कृती २ : पेरूची वडी

साहित्य : पिकलेले पेरू १ किलो, साखर पाव किलो, एका लिंबाचा रस, ताटाला लावायला थोडे तूप.

पेरू धुऊन फोडी करा. फोडी अर्ध्या बुडतील इतके पाणी घालून पंधरा मिनिटे मऊ शिजवा. पुरणाच्या चाळणीतून गाळा, बिया वर राहतील. गर जाड बुडाच्या कढईत साखर आणि लिंबाचा रस घालून मंद आचेवर ढवळा. गर उडतो, हात भाजतो, म्हणून लांब दांड्याचा उलथना घ्या आणि लहान मुलांना चुलीपासून दूर ठेवा. पाऊण तासात गोळा कढईची कड सोडू लागतो. तूप लावलेल्या ताटात थापा, गार झाल्यावर ३० वड्या पाडा.

गोव्याच्या पेरादमध्ये साखर साधारण गराइतकीच असते, म्हणून ती महिनोन् महिने टिकते. आपल्या वडीत साखर बरीच कमी आहे. ती थोडी मऊ राहते आणि फ्रिजबाहेर थंडीत तीन-चार दिवसच ठेवावी.

खाताना वडीवर चमचाभर चक्का ठेवा. आंबट-गोड चव जुळते, वेगळे काही घालावे लागत नाही. वडी आणि चक्का कणकेच्या पारीत भरून, अर्धी घडी घालून, कडा दाबून तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजली तर मुलांच्या डब्यालाही चालते. चक्का थोडाच भरा, नाहीतर पाणी सुटून पारी फाटते.

कृती ३ : न शिजवता पेरू-चक्का

साहित्य (चार जणांसाठी) : मऊ पिकलेले पेरू २ मोठे, चक्का २०० ग्रॅम, किसलेला गूळ ४ चमचे, वेलची, चिमूटभर मीठ.

पेरू सालीसकट किसून किंवा कुस्करून घ्या, बिया काढा. चक्का गूळ, वेलची, मीठ घालून घोटा. वाटीत एक थर चक्का, एक थर पेरू असे भरा आणि लगेच खा. इथे पेरू शिजत नाही, म्हणून क जीवनसत्त्व टिकते. कापून ठेवलेल्या फळात मात्र ते कमी होत जाते, तेव्हा सकाळी करून संध्याकाळपर्यंत ठेवू नका.

साखर मोजा

जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या, म्हणजे सहा चमच्यांच्या आत असावी. गूळ आणि मध यांचीही मोजणी यातच. गूळ म्हणजे औषध नव्हे. आपल्या एका वडीत साधारण ८ ग्रॅम साखर येते. म्हणजे दोन वड्या आणि दोन कप गोड चहा झाला की दिवसाचा वाटा संपला. तिसऱ्या कृतीत एका वाटीला चमचाभर गूळ येतो. बुद्ध पौर्णिमेची खीर असो, १४ एप्रिलची मिठाई असो की बाळाचे नामकरण असो, आनंद वाटायला गोड हवेच. पण ते रोजचे झाले की त्याचा आनंदही जातो आणि तब्येतही.

यांनी जपावे

• मधुमेह असलेल्यांनी वडी टाळावी. कच्चा पेरू, साखर न घालता, अर्धा किंवा एक चालतो. पेरूचा रस नको, कारण गाळताना तंतू जातात.

• मूत्रपिंडाचा आजार असेल तर पेरूतले पोटॅशियम वाढू शकते. डॉक्टरांना विचारा.

• सिकलसेल असलेल्यांनी लोहाची गोळी स्वतःहून सुरू करू नये. हा आजार विदर्भात आणि आदिवासी भागात आपल्या समाजातही आढळतो. रक्त कमी दिसले म्हणजे लोहच कमी असते असे नाही. आधी तपासणी.

• एक वर्षाखालच्या बाळाला साखर-गूळ नको. सहा महिन्यांनंतर बिया काढलेला, कुस्करलेला मऊ पेरू देता येतो. लहान मुलांना कडक पेरूची मोठी फोड हातात देऊ नका, घशात अडकते.

खवा विकत घेताना

चक्क्याऐवजी कुणी पेरूच्या गरात खवा घालतात. सणाच्या दिवसांत खव्यात पिठाची भेसळ होण्याची शक्यता असते. घरी एक सोपी चाचणी करता येते. खव्याचा छोटा तुकडा पाण्यात उकळा, पूर्ण गार होऊ द्या आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळा रंग आला तर पीठ मिसळले आहे. तपासलेला नमुना फेकून द्या. भेसळ आढळली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा, तो आपला हक्क आहे.

भिंतीवर चिकटवा

सकाळ : भाकरी, पालेभाजी किंवा उसळ, सोबत कच्चा पेरू. चहा जेवणानंतर किमान तासाभराने.

दुपारी चार : चक्का, दूध किंवा पेरू-चक्का. कॅल्शियमची गोळी असेल तर तीही या वेळी.

रात्र : जेवण, त्यानंतर लोहाची गोळी पाणी आणि पेरूच्या फोडीबरोबर.

आणि शेवटचे. घरात पेरू आला की फोडी आधी मुलांना, मग कर्त्या पुरुषाला आणि उरली तर बाईला, असे होते. ज्या घरात बाई लोहाची गोळी घेते आहे, तिथे पहिली फोड तिची. हे घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी लक्षात ठेवायचे आहे, तिने मागायची वाट पाहू नका.