गच्चीवरचं बुजवलेलं तोंड

मीरा रोडला आमच्या सोसायटीत सकाळी ठरावीक वेळच पाणी सोडतात. शहराला पाणी येतं ते स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसीकडून. तिकडे कपात झाली की आमची वेळही आखडते. त्यामुळे नळाला पाणी आलं की घरोघरी एकाच वेळी वॉशिंग मशीन लागतं. आमचा त्रास याच वेळात सुरू झाला. मशीन पाणी सोडायला लागलं की बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधून गुडगुड आवाज यायचा, जाळीतून फेस वर चढायचा आणि दुपारभर गटाराचा वास घरात राहायचा.

मेकॅनिकने आल्या आल्या पंप बदलायला सांगितलं. पैसे देण्याआधी आम्ही एक साधी परीक्षा घेतली, ती प्रत्येकाने घ्यावी. आउटलेटचा पाइप ट्रॅपमधून काढून, उंची तीच ठेवून, बादलीत सोडायचा आणि मशीन ड्रेनवर लावायचं. बादली भरत आली की पॉज करायचं. पाणी जोरात पडलं तर पंप ठणठणीत आहे. धार बारीक असेल तर फ्रंट लोडचा खालचा फिल्टर उघडून बघा. नाणी, केसांच्या पिना, मुलांचे मोजे तिथेच सापडतात. मग भरलेली बादली ट्रॅपमध्ये एकदम ओतायची. आमच्याकडे पंप उत्तम होता आणि बादलीही सरळ उतरली. तरीही सकाळच्या वेळी फेस वर येतच होता. म्हणजे दोष आमच्या घराबाहेर, उभ्या लाइनमध्ये होता.

खालच्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार वेगळी होती: मशीन पाणी घेतच राहतं, भरत मात्र नाही. वास येऊ नये म्हणून त्यांच्याकडे आउटलेटचा पाइप भिंतीतल्या पाइपात खोल खुपसून भोवती टेप गुंडाळली होती. हवेला वाट नसली की तो पाइप सायफनसारखं मशीनमधलं पाणी ओढून घेतो. टेप काढली, टोक वर घेतलं, सभोवती फट ठेवली आणि काम झालं. पाण्याची इतकी ओढ असलेल्या शहरात असं वाहून गेलेलं पाणी फार लागतं मनाला.

उभ्या लाइनमधून पाणी जोरात उतरताना त्याच्यामागे हवा लागते. ती गच्चीवरच्या व्हेंट पाइपच्या उघड्या तोंडातून येते. ते तोंड बंद असेल तर लाइन घरातल्या ट्रॅपमधून हवा खेचते. ट्रॅपमध्ये वास अडवणारं जेमतेम ५० मिलिमीटर पाणी असतं, तेही तिच्याबरोबर जातं. मगभर पाणी ओतल्यावर वास थांबला आणि दुसऱ्या कोणाचं मशीन चालल्यावर परत आला, तर संशय व्हेंटवरच घ्यावा. २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत तीनशेहून अधिक रहिवाशांना सार्स झाला. बाथरूममधले ट्रॅप कोरडे पडल्यामुळे सांडपाण्याच्या लाइनमधून विषाणू घरात शिरल्याचं तिथल्या तपासात पुढे आलं. तेव्हा वासावर नुसती उदबत्ती लावून भागत नाही. तसंच ॲसिड आणि ब्लीच एकापाठोपाठ ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

प्लंबरला घेऊन गच्चीवर गेलो. गळतीपायी इथल्या कितीतरी जुन्या इमारतींवर पत्र्याची शेड आहे, तशी आमच्याकडेही आहे. ती घालताना व्हेंट पाइप पत्र्याखालीच कापला होता आणि त्याच्या तोंडात सिमेंटचा गोळा दाबून बसवला होता. दाबणाऱ्याच्या बोटांचे ठसे सिमेंटवर स्पष्ट दिसत होते. प्लंबरने तो फोडला, पाइप जोडून पत्र्याच्या वर काढला आणि माथ्यावर काउल (जाळीदार टोपण) बसवलं. दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीच्या वेळी ट्रॅप गप्प होता.

ड्राय बाल्कनीत मशीन असेल तर आणखी एक पाहा: आउटलेट पावसाच्या पाण्याच्या लाइनला जोडलेलं नाही ना? असेल तर साबणाचं पाणी सरळ नाल्यात आणि तिथून खाडीत जातं. माझ्या मते हे अजिबात चालवून घेऊ नये.

खर्चाचं म्हणाल तर घरातला ट्रॅप आणि जोडणी सभासदाची, बाहेरची सामाईक ड्रेनेज लाइन सोसायटीची. आदर्श उपविधींत तशीच विभागणी आहे. म्हणून कमिटीला तोंडी न सांगता लेखी अर्ज द्या. पावसाळ्याआधी शेडचं किंवा वॉटरप्रूफिंगचं काम निघणार असेल, तर कंत्राटातच लिहून घ्या की प्रत्येक व्हेंट पत्र्याच्या वर, काउलसकट काढायचा, आणि शेवटचा हप्ता द्यायच्या आधी कोणीतरी शिडी लावून ते पाहून यायचं.